जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक : सोवळं सुटलं, हात मोकळे झाले

एकलहऱ्याच्या बंधाऱ्याशी गोदावरी अडते आणि तिथून पॉवर हाऊसला पाणी जातं, हे आपल्याला भूगोलाच्या पुस्तकाआधी कॉलनीनेच शिकवलं. त्याच नदीच्या काठाने उलट दिशेला, वर वर जात राहिलं, रामकुंड मागे टाकलं, की गंगापूरच्या अंगाला जलालपूर नावाचं छोटं गाव लागतं. या गावात १८६८ साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. तिचं नाव मनकर्णिका, घरातली मनू. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई.

मराठीच्या तासाला हे नाव आपल्या सगळ्यांच्या कानांवरून गेलेलं आहे. टिळक म्हटल्यावर लोकमान्य आठवतात, पण हे टिळक वेगळे. लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं गायली जातात. लक्ष्मीबाईंची ओळख आपल्याला लेखिका म्हणून करून दिली गेली आणि ती खरीच आहे. मला मात्र या स्मरणिकेत त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते दुसऱ्या कारणाने. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि पोट सॉफ्टवेअरवर, त्यामुळे साहित्याची समीक्षा करायला मी जाणार नाही. ते काम आपल्या मराठीच्या बाईंचं आणि सरांचं. मला सांगायचं आहे ते या बाई 'द्यायला' कशा शिकल्या, त्याबद्दल. गरजवंताला देणं हा ख्रिस्ती धर्मातला फार मोठा भाग आहे. पण लक्ष्मीबाईंना ते जन्मापासून मिळालेलं नव्हतं. त्यांना आधी बरंच काही सोडावं लागलं.

जलालपूरचं त्यांचं घर कडक सोवळ्याचं होतं. त्या काळी बहुतेक ब्राह्मण घरांत सोवळं-ओवळं असेच, पण इथलं प्रकरण पराकोटीला गेलेलं. १८५७ च्या बंडानंतर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या धक्क्यानंतर मनूच्या वडिलांना विटाळाच्या धास्तीने पछाडलं, ते कायमचं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुणाची सावली पडली, कोण दारात उभं राहिलं, या हिशेबात घराचा सगळा दिवस जायचा. सगळ्यात जास्त सोसलं ते मनूच्या आईने, आणि मुलांनीही. मोठेपणी लक्ष्मीबाईंनी हे सगळं लिहिलं, तेव्हा वाचणाऱ्याला हसू यावं असं लिहिलं. पण त्या हसण्याखाली एक भेदरलेलं घर आहे, हे कळायला वेळ लागत नाही.

अशा घरातून दानधर्म होत नसेल असं नाही. सणावाराला ब्राह्मणाला दक्षिणा, दारावरच्या भिक्षेकऱ्याला मूठभर धान्य, हे सगळीकडेच होतं. फक्त देताना हात वर धरायचा, घेणाऱ्याने ओंजळ खाली धरायची आणि मध्ये अंतर राखायचं. ते अंतर पुण्याइतकंच महत्त्वाचं मानलं जाई. मनू याच रीतीत वाढली आणि हेच बरोबर, असं तिला मनापासून वाटत होतं.

वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा अठराचा. मूळचा कोकणातला, नाशकात शिकायला राहिलेला, संस्कृतात हुशार, कविता करणारा आणि कुठेही फार काळ न टिकणारा. मनूची लक्ष्मी झाली. संसार सुरू झाला म्हणावं, तर नवरा आज इथे नोकरीला, उद्या तिथे. मध्येच कुणाला न सांगता निघून जायचा. ती कधी माहेरी, कधी सासरी, कधी बहिणीच्या घरी. टिळकांनीच तिला लिहायला-वाचायला शिकवलं. शाळेची पायरी ती कधीच चढली नव्हती.

टिळकांचा स्वभाव विलक्षण देता. खिशात आहे ते समोरच्याचं आहे, असा त्यांचा व्यवहार. पगार घरी पोहोचेपर्यंत त्यातला किती उरेल, याचा भरवसा नसे. जेवायला किती माणसं येणार हे माणसं दारात आल्यावरच कळे. असा माणूस बाहेर फार लोकप्रिय असतो. घरात त्याच्या देण्याची किंमत बायको मोजत असते. डब्यातलं पीठ संपलं आहे हे तिला ठाऊक असतं, त्याला नसतं. लक्ष्मीबाईंनी या गोष्टी लपवल्या नाहीत आणि नवऱ्याला देवही बनवलं नाही. त्या भांडल्या, रागावल्या, पैसे लपवून ठेवायच्या युक्त्या केल्या. उदार माणसाच्या बायकोला आधी व्यवहार शिकावा लागतो, मग उदारपणा. निदान त्यांच्या बाबतीत क्रम असाच झाला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्माचा विचार त्यांच्या मनात दोन-तीन वर्षं घोळत होता. पदरात दत्तू नावाचा चार वर्षांचा मुलगा असलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत आहे पण आपल्या जगात नाही, अशी त्यांची गत झाली. नातेवाइकांनी त्यांना सांभाळलं. पुढची काही वर्षं त्यांनी नवऱ्यापासून दूर काढली, त्यातली बरीच पंढरपुरात. कविता त्यांना याच काळात सुचू लागल्या. मिशनरी लोक गरिबांना धान्य-कपड्यांची लालूच दाखवून बाटवतात, असं तेव्हा चारचौघांत बोललं जाई आणि लक्ष्मीबाईंचंही मत त्याहून वेगळं नव्हतं.

नंतर मुलाच्या आणि नवऱ्याच्या ओढीने त्या टिळकांकडे अहमदनगरला गेल्या. टिळक तिथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. पण गेल्या त्या आपलं सोवळं घेऊनच. वेगळं बिऱ्हाड, वेगळी चूल, वेगळं पाणी. पुढे एकत्र राहू लागल्या तरी शिवाशिवीचे नियम चालूच होते. ख्रिस्ती शेजारणींशी बोलायचं, पण त्यांच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. त्या शेजारणींमध्ये महार, मांग समाजातून आलेल्या बायका होत्या. त्यांनी लक्ष्मीबाईंचे हे सगळे नियम सहन केले आणि वरून माया केली. या बायकांची नावं इतिहासात मोठ्या अक्षरांत नाहीत, पण पुढे जे घडलं त्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली, असं मला वाटतं. देण्याचा पहिला धडा लक्ष्मीबाईंना त्यांनीच दिला, आणि तो धडा शिकताना लक्ष्मीबाई घेणाऱ्याच्या जागी होत्या.

बदल आला तो कुणाच्या प्रवचनाने आला नाही. त्या एकट्या बसून विचार करत होत्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच दिलं, की माणसाने. एवढं कळल्यावर मग त्यांनी टप्प्याटप्प्याने काही सोडलं नाही. आपण कुणाच्याही हातचं खाणार-पिणार, हे त्या दिवशी ठरलं आणि त्याप्रमाणे त्या वागल्या. गंमत अशी की त्या वेळी त्या अजून ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. सोवळं आधी सुटलं, बाप्तिस्मा नंतर, म्हणजे १९०० साली झाला.

इथे मला बायबलमधली एक गोष्ट आठवते. आपल्यापैकी अनेकांनी नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत ती चित्रातून किंवा नाटुकल्यातून पाहिली असेल. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर एका माणसाला चोरांनी लुटून, मारून, अर्धमेलं करून टाकलेलं असतं. एक याजक येतो, बघतो आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने निघून जातो. मग एक लेवी येतो, म्हणजे मंदिराच्या सेवेतलाच माणूस. तोही तसाच जातो. ते दोघे का थांबले नाहीत, हे येशू सांगत नाही. पण अनेक अभ्यासक म्हणतात, की प्रेताला शिवलं तर विटाळ होतो आणि मग मंदिरातली सेवा करता येत नाही, अशी त्यांच्या धर्मात तरतूद होती. माणूस मेला असेल तर? त्यापेक्षा लांबून गेलेलं बरं. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्या जातीशी यहुदी लोक कसलाही संबंध ठेवत नसत. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन नाणी देतो आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो.

या गोष्टीत पैसे सर्वांत शेवटी येतात. त्याआधी थांबणं, जवळ जाणं, हात लावणं, उचलणं आणि रात्र जागणं होऊन गेलेलं असतं. जलालपूरच्या घरात वाढलेल्या मुलीला ही गोष्ट आपल्यापेक्षा जास्त कळली असणार. रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्यांचं मन तिने आतून पाहिलेलं होतं.

त्या वर्षांत महाराष्ट्राला हात लावणाऱ्या माणसांचीच गरज होती. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग दिसला आणि पुढच्या काही वर्षांत तो गावोगाव पसरला. त्याच वर्षी पाऊस फिरला आणि दुष्काळ पडला. तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्याला आपल्याकडे जुनी माणसं छप्पनचा दुष्काळ म्हणत, कारण ते विक्रम संवत १९५६ होतं. आईबाप गेलेली, हाडांचे सापळे झालेली मुलं रस्त्यावर आली. पुण्याजवळ केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळी भागात माणसं पाठवून आणि स्वतः जाऊन मुली-बायका आणल्या. त्यांच्या मुक्तिसदनात दीड-दोन हजार जीव राहू लागले. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण तर त्या तरुण असताना दुष्काळातच गेले होते. उपास काय असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनने अनाथ मुलांना घेतलं आणि टिळकांचं घर या सगळ्याच्या मधोमध होतं.

नगरला प्लेग आला तेव्हा लोक घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. आजारी माणसाजवळ त्याचे सख्खेही थांबायला धजावत नसत. अशा वेळी टिळक पतिपत्नी रोग्यांच्या सेवेला पुढे झाली. ज्या घरात बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नव्हती, त्या घरची लेक आता प्लेगच्या रोग्यांचं अंग पुसत होती, त्यांना पाणी पाजत होती, परक्यांची मुलं उचलून घेत होती. शिवणं हा जिथे अपराध होता, तिथून निघून ती शिवणं हीच जिथे सेवा आहे अशा जागी पोहोचली होती. त्यात शौर्याचा आव नव्हता. भीती वाटली तर वाटली म्हणून सांगितलं आणि हातातलं काम करत राहिल्या.

घरातही माणसांचा राबता वाढत गेला. कुणी शिकायला आलेला मुलगा, कुणी घरातून हाकललेला, कुणी नुसताच भुकेला. टिळक आणून उभं करायचे आणि लक्ष्मीबाई ताट वाढायच्या. पूर्वी हे कपाळावर आठ्या घालून होई. आता त्या स्वतःहून करू लागल्या, पण डोकं शाबूत ठेवून. कुणाला खरंच गरज आहे, कोण टिळकांना फसवतंय, कुणाला ताट वाढायचं आणि कुणाच्या हातात झाडू द्यायचा, हे त्यांना बरोबर कळे. टिळकांचं देणं पावसासारखं होतं, कुठेही पडणारं. लक्ष्मीबाईंनी त्याला पाट काढून दिले. त्या नसत्या, तर ते घर चार महिन्यांत मोडलं असतं.

मघाशी लालूच दाखवून बाटवण्याचं बोलले. हा आरोप पूर्ण खोटा होता असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. दुष्काळात पोटासाठी धर्म बदलणारी माणसं होती, आणि भाकरीसोबत अट घालणारेही असतील. पण टिळकांच्या घरातलं एक उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाची कविता ऐकून सभा थक्क झाली आणि त्याला 'बालकवी' म्हणायला लागली. हा मुलगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. गरीब, हळवा, भुताखेतांना घाबरणारा, लाडावलेला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. रागे भरल्या, जेवू घातलं, हट्ट पुरवले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. ख्रिस्ती घरात, ख्रिस्ती आईच्या हातचं खाऊन ते हिंदू राहिले आणि त्यासाठी या घराच्या प्रेमात काडीचाही फरक पडला नाही. मे १९१८ मध्ये जळगावजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, वय अवघं सत्तावीस. लक्ष्मीबाईंनी त्यांच्याबद्दल जी पानं लिहिली आहेत, ती आईने गेलेल्या मुलाबद्दल लिहावीत तशी आहेत.

मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण देण्याची खरी परीक्षा तिथे होते. घेणाऱ्याने आपल्यासारखं व्हायला नकार दिला, तरी आपण देत राहतो का? लक्ष्मीबाई देत राहिल्या.

१९१७ साली टिळकांनी सातारला 'देवाचा दरबार' सुरू केला. मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय वळणाने येशूची भक्ती करणाऱ्यांचा तो मेळा होता. तो पुरता उभा राहण्याआधीच ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. सगळं आयुष्य वाटून टाकणाऱ्या माणसाने मागे पैसाअडका ठेवला नव्हता. ठेवलं होतं ते एक अपुरं काव्य. येशूचं संपूर्ण चरित्र मराठी ओव्यांत सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभलं होतं आणि दहाएक अध्यायांवर ते थांबलं होतं.

पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं. उरलेले साठहून जास्त अध्याय त्यांचे आहेत. मधल्या काळात त्या मुलाबरोबर काही वर्षं कराचीतही राहिल्या आणि शेवटी नाशकात परतल्या. मुलाने, म्हणजे देवदत्त टिळकांनी वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आईला आठवणी लिहायला लावल्या. त्या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली 'स्मृतिचित्रे' या नावाने छापला गेला आणि महाराष्ट्र चकित झाला. तोवर मराठीत असं साधं, खरं आणि खळखळून हसवणारं आत्मचरित्र कुणी वाचलं नव्हतं. १९३३ साली नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना आधीच मिळालं होतं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशकातच त्यांनी डोळे मिटले. जलालपूरपासून सुरू झालेला प्रवास नगर, मुंबई, कराची असा फिरून त्याच गोदावरीच्या काठावर संपला.

मग देऊन या बाईंना मिळालं काय? धार्मिक पुस्तकांत दानाच्या आशीर्वादाबद्दल पुष्कळ लिहिलेलं असतं. शंभरपट परत मिळतं, स्वर्गात ठेव जमा होते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात असा हिशेब जुळवायला गेलं तर जुळत नाही. पैसा आला नाही. माहेरचे, सासरचे कितीतरी लोक तुटले. तब्येत झिजली.

पण जलालपूरचं घर आणि नगरचं घर शेजारी ठेवून पाहिलं, की उत्तर दिसतं. पहिल्या घरात सगळं धुतलेलं होतं आणि सगळे घाबरलेले होते. दुसऱ्या घरात धान्याचा डबा बऱ्याचदा रिकामा असे, पण भीती गेलेली होती. विटाळाची, लोक काय म्हणतील याची, उद्याची. दार उघडलं म्हणून माणसं आली आणि माणसं आली म्हणून त्यांच्या गोष्टी आल्या. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक त्या उघड्या दारातूनच आत आलं आहे. सोवळ्याच्या कोंडीत राहिलेल्या मनूला लिहायला इतकी माणसं कुठून मिळाली असती? त्या विधवा झाल्या तेव्हा घरात पैसा नव्हता, पण त्यांना आई म्हणणारी माणसं गावोगाव होती. मी याला आशीर्वाद म्हणेन. तो बँकेत दिसत नाही, एवढंच.

आता आपल्याकडे येते. मेळाव्याच्या निमित्ताने आपण गरजू मुलांसाठी निधी उभा करतो आहोत. सॉफ्टवेअरवाली म्हणून अर्ज भरायचा ऑनलाइन फॉर्म तयार करायचं काम ग्रुपने माझ्या गळ्यात घातलं. त्यात कोणकोणते रकाने हवेत, यावर आलेल्या सूचना मी एकत्र केल्या, तर एकवीस निघाल्या. टक्के किती, उत्पन्नाचा दाखला, वडिलांचा व्यवसाय, रेशनकार्डाचा रंग, दोन शिफारशी, आणि निवड झाल्यास मुलाने धनादेश घेतानाचा फोटो. प्रत्येक सूचनेमागे चांगला हेतू आहे, यात शंका नाही. पैसा योग्य हाती जावा असं सगळ्यांनाच वाटतं. लक्ष्मीबाईसुद्धा डोळे मिटून वाटत नव्हत्या. पण एकवीसही रकाने घेणाऱ्यासाठी आहेत. देणाऱ्यासाठी फक्त एक आहे, रक्कम. आजच्या काळात ती तर मोबाइलवर दोन बोटांनी जाते. जलालपूरला दान देताना हात वर धरत, तेवढंही जवळ जावं लागत नाही.

आपल्या शाळेत फक्त कॉलनीतली मुलं नव्हती. सामनगाव, ओढा, हिंगणवेढ्याहून चालत, सायकलवर येणारी मुलं होती. कंत्राटी कामगारांची मुलं होती. मधल्या सुट्टीत काहीजण डब्याचं झाकण अर्धं लावूनच खायचे, आठवतं? आत काय आहे ते दिसू नये म्हणून. आणि आपल्या एक-दोन बाई होत्या, ज्या अशा मुलांशेजारी मुद्दाम आपला डबा घेऊन बसायच्या आणि त्यांच्यातली भाकरी मागून खायच्या. द्यायच्या नाहीत, मागायच्या. त्या मुलाचा चेहरा मग दिवसभर वेगळा दिसायचा. बाईंना बहुधा हे आठवतही नसेल. हे वाचताना त्यांनी ओळखावं, म्हणून लिहिते आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. समितीने ती मान्य करावी किंवा फेटाळावी. घेणाऱ्याचे रकाने पाचवर आणूया. नाव, इयत्ता, गाव, कशासाठी हवेत आणि कुणाला फोन करायचा. फोटो नको. आणि देणाऱ्यासाठी एक रकाना वाढवूया, वर्षातून कोणत्या दोन दिवशी तुम्ही त्या मुलाच्या घरी जाऊन येणार. पुण्या-मुंबईला, बंगलोरला, परदेशात असलेल्यांनी नाशकात राहणाऱ्या एखाद्या वर्गमित्राबरोबर जोडी करावी. गेल्यावर भाषण करायचं नाही. जे पुढ्यात येईल ते खायचं, चहा, भाकरी, जे असेल ते. मुलाला गणित अडलं असेल तर ते सोडवायला बसायचं. आपल्या निम्म्या वर्गाने इंजिनिअरिंग केलं आहे, तेवढं जमायला हरकत नाही.

आणि मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ज्यांना वेळ आहे त्यांनी जलालपूरला जाऊया. गाडीने एकलहऱ्याहून तासभरही लागणार नाही. 'स्मृतिचित्रे'ची एक प्रत मी घेऊन येईन. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी आपापली नावं माझ्याकडे द्या. प्रत एकच आहे, एकाने वाचून दुसऱ्याला द्यावी.